तीन तारे आणि आपलं सरकारी इस्पितळ

‘मुलीच्या जातीला लष्कर कशाला?’ हा प्रश्न आता चारचौघांत कुणी विचारत नाही. ७ मे २०२५ च्या सकाळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देशाला दिली, तेव्हा पोळ्या लाटता लाटता आपण सगळ्याजणी टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिलो. त्याच महिन्याच्या ३० तारखेला खडकवासल्याच्या एनडीएमधून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या सतराजणींचे फोटो मोबाइलवर फिरले. ऊर भरून आला, ते योग्यच होतं.

पण फोटोचं कौतुक ओसरलं की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी तो सरळ विचारला. ‘भरती होईल हो पोरगी. पण पुढं काय? दहा-चौदा वर्षांनी घरी पाठवलं तर? आणि लग्न, मुलंबाळं कधी?’ या प्रश्नाला ‘देशसेवा’ एवढंच उत्तर देऊन चालत नाही. आईचा प्रश्न आहे, हिशेब मांडूनच उत्तर द्यायला हवं. म्हणून आज एका बाईची नोकरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. लष्करात ती कशी चढत गेली, तिथून महाराष्ट्राच्या सेवेत कशी आली, आणि आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध?

ही बाई म्हणजे लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपण ज्याला ‘एएफएमसी’ म्हणतो तिथल्या, त्या विद्यार्थिनी. शिक्षण संपवून बाहेर पडताना त्यांना राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि डिसेंबर १९८२ मध्ये त्या लष्कराच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी झाल्या. पुढे बालरोगतज्ज्ञ झाल्या. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांचं खास शिक्षण घेतलं. एएफएमसीत शिकवलं, तिथल्याच अधिष्ठाता झाल्या. उत्तर कमांडचं मुख्यालय असलेल्या उधमपूरला मेजर जनरल म्हणून वैद्यकीय सेवेची जबाबदारी सांभाळली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्या लेफ्टनंट जनरल झाल्या आणि तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयात वैद्यकीय कामकाजाच्या उपप्रमुख म्हणून रुजू झाल्या. महिनाभरात देशात लॉकडाऊन लागलं. म्हणजे नवी खुर्ची आणि कोविड एकदमच आले.

लेफ्टनंट जनरल हा तीन ताऱ्यांचा हुद्दा. तिन्ही दलांत मिळून त्या उंचीवर पोहोचलेल्या कानिटकर देशातल्या तिसऱ्या महिला. आधीच्या दोघी म्हणजे पुनिता अरोरा आणि वायुदलाच्या पद्मा बंदोपाध्याय. दोघीही २००४ मध्ये तिथे पोचल्या. नंतर २०२४ मध्ये साधना सक्सेना नायर लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या, आणि त्याच वर्षी आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या.

आता ही पाच नावं पुन्हा एकदा वाचा. पाचही जणी डॉक्टर आहेत. हा योगायोग नाही, सगळी गोम इथेच आहे.

लष्करी वैद्यकीय सेवेत बायकांना पुरुषांसारखंच कायम कमिशन मिळत आलं. परीक्षा, काम, बढतीची शिडी तीच. जिथे शिडी सारखी होती, तिथे बाई वरच्या पायरीवर गेली. बाकीच्या विभागांचं दार बायकांसाठी उघडलं ते १९९२ मध्ये, शरद पवार संरक्षणमंत्री असताना. तेही अर्धवट. सुरुवातीला मुदत होती फक्त पाच वर्षांची, मग वाढत वाढत ती चौदापर्यंत गेली. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला वीस वर्षं सेवा लागते. म्हणजे ऐन उमेदीची चौदा वर्षं द्यायची आणि पस्तिशी-चाळिशीत पेन्शनशिवाय घरी यायचं. आमच्या ताईंचा प्रश्न अगदी बरोबर होता म्हणायचा!

२००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत बायकांना कायम कमिशन मिळालं. बाकीच्यांची लढाई कोर्टात चालू राहिली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, केवळ बाई म्हणून कायम कमिशन नाकारता येणार नाही. सरकारी बाजूनं कोर्टात काय सांगितलं होतं ठाऊक आहे? जवान प्रामुख्यानं ग्रामीण भागातून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही, आणि बायकांना घर-संसाराची बंधनं असतात. न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. खरं तर त्यासाठी दिल्लीपर्यंत जायची गरज नव्हती. आपल्या खेड्यापाड्यांत १९९३ नंतर राखीव जागांवर बायका सरपंच झाल्या. तिथल्या पुरुषांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण पाण्याच्या टाकीसाठी सही हवी तेव्हा तिच्याच दारात गेले. माणूस हुकूम मानतो तो पदाचा. सवय लागायला वेळ जातो, एवढंच.

निकालानंतर बरोबर बारा दिवसांनी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. लोकांनी दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या आणि ‘कोर्टाच्या निकालानं बाई जनरल झाली’ असा समज पसरला. तो चूक आहे. त्यांच्या बढतीमागे निकाल नव्हता, सदतीस वर्षांची नोकरी होती. डिसेंबर १९८२ ते फेब्रुवारी २०२०, मोजून बघा. आणि म्हणूनच दुसऱ्या शाखांतली बाई आज जनरल का दिसत नाही, याचंही उत्तर इथेच मिळतं. लायकी कमी होती असं नव्हे. तिला सदतीस वर्षं राहूच दिलं गेलं नाही. २०२३ मध्ये निवड मंडळ बसवून शंभरावर महिला अधिकाऱ्यांसाठी कर्नलपदाची वाट मोकळी झाली. एनडीएतल्या सतराजणी २०२५ मध्ये बाहेर पडल्या. त्यांच्यापैकी कुणी तोफखान्याच्या बाजूनं सर्वोच्च पदाला पोचायची असेल, तर ती बातमी वाचायला २०६० च्या आसपास उजाडेल. आपल्यापैकी बऱ्याचजणी तेव्हा नसतील. पण झाड लावणारा फळासाठी थांबत नाही, असं आपल्या आज्या म्हणायच्याच की.

आणि वैद्यकीय शाखेतही सगळं आलबेल होतं असं समजू नका. एएफएमसीत मुलींसाठी जागा ठरलेल्या असतात. अगदी अलीकडच्या वर्षांतही १४५ पैकी मुलींच्या जागा ३०. दार उघडं, पण फटच तेवढी! त्या फटीतून आत गेलेल्या मुली एवढ्या वर गेल्या, तर दार सताड उघडल्यावर काय होईल याचा विचार करा.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ, लष्करातून शासनाच्या सेवेत येण्याकडे.

जुलै २०२१ मध्ये तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी डॉ. कानिटकर यांची नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नेमणूक केली. काहीजण म्हणाले, ‘निवृत्त अधिकाऱ्यांची सोय.’ काहींना वाटलं, लष्करी शिस्त आली, आता सगळं सरळ होईल. मला दोन्ही मतं घाईची वाटतात.

मुळात ही प्रथा नवी नाही. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं नाव जुन्या पिढीला आठवत असेल. कोरियाच्या युद्धानंतर युद्धकैद्यांची राखण करायला गेलेल्या भारतीय सैन्याचं नेतृत्व त्यांनी केलं, पुढे पूर्व कमांड सांभाळली. १९६१ मध्ये निवृत्त झाल्यावर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. लष्करात ज्यानं आयुष्यभर माणसं पारखली, त्याला राज्याची माणसं निवडायला बसवलं. यात तर्क होता. डॉ. कानिटकरांच्या बाबतीतही तो होता. त्या केवळ लष्करी अधिकारी नव्हत्या, डॉक्टर आणि शिक्षिका होत्या. पुण्याचं एएफएमसी याच नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या एका कॉलेजच्या त्या अधिष्ठाता होत्या, त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं शिक्षणाधिकारी व्हावं, तसंच हे.

आणि बाई म्हणूनही त्या तिथे पहिल्या नव्हत्या. डॉ. मृदुला फडके त्यांच्या आधी याच विद्यापीठाच्या कुलगुरू होऊन गेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे वर्दीतल्या बाईचं कौतुक होतं आणि साडीतली कर्तबगार बाई विसरली जाते.

शिस्तीच्या मुद्द्यावरही थोडं थांबायला हवं. लष्करात हुकूम दिला की काम होतं. विद्यापीठात तसं नाही. तिथे व्यवस्थापन परिषद आहे, अधिसभा आहे, कॉलेजांचे मालक आहेत, मंत्रालय आहे, आणि मोर्चा घेऊन येणारी मुलंही आहेत. निकाल उशिरा लागला तर प्रश्न विचारण्याचा हक्क मुलांना आहे. शिपायाला तो नाही. म्हणून लष्करातला माणूस मुलकी खुर्चीवर आला की त्याला वक्तशीरपणा आणि हिशेबातला चोखपणा बरोबर आणावा लागतो, पण ‘एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं’ हा सूर बाहेरच ठेवावा लागतो. घरात कडक सासरे आणि मुलांचे लाडके आजोबा एकाच माणसाला व्हावं लागतं ना, तसंच काहीसं! अशा प्रत्येक नेमणुकीकडे आपण याच कसोटीनं बघावं. आरती ओवाळू नये, नाक मुरडू नये. पाच वर्षांत काय बदललं ते विचारावं.

पण ‘काय बदललं’ हे विचारायचं तर कुलगुरूच्या हातात काय असतं, ते आधी माहीत हवं. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. राज्यातली एमबीबीएस, दातांची, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी सगळी कॉलेजं त्याच्याखाली आली. अभ्यासक्रम राबवणं, परीक्षा घेणं, पदवी देणं, कॉलेजं तपासून संलग्नता देणं, ही त्याची कामं. दवाखान्यात डॉक्टर नेमणं हे त्याचं काम नाही. ते सरकारच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांचं. आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. दवाखान्यात डॉक्टर नसला की आपण समोर दिसेल त्या परिचारिकेवर ओरडतो, आणि जो खरा जबाबदार असतो त्याला आपल्या संतापाची गंधवार्ताही नसते.

आता आपल्या गावाकडे या. लष्कर आपल्याला परकं नाही, मैत्रिणींनो. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधी बंधुभगिनी त्याच बराकींत आल्या, १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर नाव मिळालं, पण रिक्षावाला आजही ‘कॅम्प चार की पाच?’ असंच विचारतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्या शेजारचा मशीन टूलचा कारखाना, दोन्हींनी इथल्या पिढ्या पोसल्या. २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत ‘आता पेन्शनचं काय?’ हीच चर्चा होती. लष्करासाठी लागणारं लोखंड आपल्या गावानं घडवलं. लष्करातल्या अधिकारी मुली मात्र आपल्याकडून किती गेल्या? हाताच्या बोटांवर मोजायच्या म्हटलं तरी बोटं उरतील.

याच अंबरनाथमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात ते एक. शंभर जागा. इथल्या मुलामुलींच्या पदवीवर सही असेल ती नाशिकच्या त्याच विद्यापीठाची, जिथे एक लेफ्टनंट जनरल बाई कुलगुरू होती.

याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध काय? एक कठीण गोष्ट सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराची उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत फाशीच्या घोषणा खूप झाल्या. पण एक साधी गोष्ट फार थोड्याजणी बोलल्या. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की पीडित मुलगी असेल तर तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. कायदा चांगला आहे. पण रात्री अकरा वाजता सरकारी दवाखान्यात महिला डॉक्टर हजर नसेल, तर हे कलम कागदावरच राहतं. उशीर होतो, पुरावा पुसट होतो, आणि ती पोर आईच्या मांडीवर तासन्‌तास बसून राहते. शिवाय डॉक्टर नुसती बाई असून भागत नाही. चार वर्षांच्या घाबरलेल्या मुलीशी कसं बोलायचं, तिला पुन्हा न दुखवता कसं तपासायचं, हे तिला शिकवलेलं हवं. हे शिकवणं मात्र विद्यापीठाचं आणि कॉलेजाचं काम.

म्हणून सरकारी सेवेतली बाई डॉक्टर ही शोभेची वस्तू नाही. ती आपल्या लेकीबाळींची गरज आहे. वर तीन ताऱ्यांची बाई बसली याचा आनंद खराच, पण त्या आनंदाची किंमत ठरते ती तळाच्या पायरीवर. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला बाई डॉक्टर आहे का, यावर.

राहिला संसाराचा प्रश्न. डॉ. कानिटकरांचे पती राजीव कानिटकर हेही लष्करात लेफ्टनंट जनरल होते. नवरा-बायको दोघेही या हुद्द्यावर, हे देशात पहिल्यांदा घडलं. दोघांच्याही बदलीच्या नोकऱ्या म्हणजे एकाच छपराखाली राहण्याचे दिवस कमी, आणि मुलं वाढवताना कुणाच्या तरी आधाराची गरज जास्त. पण नीट विचार करा. आपल्याकडे नवरा आखातात आणि बायको बदलापूरला, असे कितीतरी संसार सुखानं चालले. त्याला कुणी ‘संसार मोडला’ म्हटलं नाही. लांब राहणारी बायको असली की मात्र तोंडं वाकडी होतात. अडचण अंतराची नाही, कोण लांब गेलं याची आहे.

आता हिशेबाचं बोलू, कारण आमच्या ताईंना तेच हवं होतं. बारावीनंतर मुलीला एनडीएची परीक्षा देता येते, ती केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. डॉक्टर व्हायचं असेल तर ‘नीट’मधूनच एएफएमसीचा रस्ता जातो. तिथे शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं आणि बदल्यात ठरलेली वर्षं सेवा द्यावी लागते. लष्करी नर्सिंगचा रस्ता तर सगळ्यात जुना. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारनं २०२३ मध्ये नाशिकला खास मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा असते, म्हणून नववीपासूनच चौकशी करून ठेवा. मुदतीची सेवा करून परत आलेल्यांसाठी राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’ नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, महिलांचं ३० टक्के वेगळं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची माहिती मिळते. तेव्हा ‘पुढं काय?’ या प्रश्नाला आता उत्तर आहे. ते १९९२ मध्ये नव्हतं, हेही लक्षात ठेवा, कारण ते बायकांनी कोर्टात वर्षानुवर्षं मागे हटण्याला नकार देऊन मिळवलेलं नसतं, तर आजही नसतं.

आणि ज्यांच्या घरात जायच्या वयाची मुलगी नाही, त्यांनाही काम आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. आपापल्या गावच्या सरकारी रुग्णालयाला एवढंच विचारा: डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात महिला किती, आणि रात्रपाळीला महिला डॉक्टर कोणत्या वारी असते? अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पाचजणींनी मिळून लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की ते नगरसेविकेच्या, आमदाराच्या टेबलावर ठेवा, आणि तारीख लिहून पोच घ्यायला विसरू नका.